तडा, टेकू आणि आकडा



पत्रिकेत आजचा विषय 'प्राचीन वास्तूंचे संरचनात्मक आरोग्य व संवेदक' असा छापला आहे. भारदस्त आहे. आम्ही मात्र बोलताना 'सेन्सर'च म्हणणार, कारण शिडीवर चढून जो पोरगा तो भिंतीला बसवतो, तोही सेन्सरच म्हणतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने या वाटेला का जावं, असं काहींच्या मनात आलं असेल. यंत्र कसं बसवायचं ते अभियंत्यांनी सांगावं, त्यात आम्ही तोंड घालणार नाही. पण यंत्राने सांगितलेलं कुणी खरं मानायचं, कुणाच्या भरवशावर मानायचं आणि मानल्यावर कुणी काय करायचं, हे प्रश्न यंत्राचे नाहीत. 'सेन्सर लावलेत, आता काळजी नको' हे वाक्य गेल्या दहा वर्षांत मुंबईत फार ऐकू येतं. आजचं भाषण त्या वाक्यावर आहे.

आधी 'प्राचीन' या शब्दाचं बघू. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. त्यात स्मारकाला ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व हवं आणि ते किमान शंभर वर्षं अस्तित्वात असायला हवं. ठीक. घारापुरीची लेणी सहाव्या शतकातली, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण गिरगावात या. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, म्हणजे चाळी त्याआधीच्या. वयाची अट पुरी, इतिहासाचीही पुरी. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी, शिवडीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. त्यांनीही शंभरी गाठली किंवा गाठता गाठता पाडल्या गेल्या. तेव्हा लालबाग-परळच्या एखाद्या जुन्या चाळीत आणि 'स्मारका'त जो फरक आहे तो वयाचा नाही. फरक एवढाच, की एकाची नोंद झाली आणि दुसऱ्यात माणसं राहत राहिली.

आता हे सेन्सर करतात काय? तीन-चार जाती आहेत. एक यंत्र तड्याच्या दोन्ही काठांना धरून बसवतात; तडा केसभर रुंदावला तरी ते सांगतं. जुने मिस्त्री हेच काम काचेच्या पट्टीने करायचे. तड्यावर आडवी काच चिकटवायची, शेजारी तारीख टाकायची. काच तडकली की समजायचं, भिंत अजून चालते आहे. दुसरं यंत्र भिंत किती कलली ते मोजतं. तिसरं कंप मोजतं, म्हणजे पाया सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलला ते. आणि भुयार खणायचं असलं की आसपासच्या इमारतींच्या तोंडावर छोटी चकाकणारी भिंगं लावतात. समोर दुर्बिणीसारखं यंत्र उभं करून इमारत किती खचली ते त्यावरून काढतात. यातलं काहीही जादूचं नाही. सगळं उपयोगाचं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी म्हणायचं, सरांना विज्ञानाचं वावडं आहे.

पण आकडा एकटा काही बोलत नाही. मुंबईच्या जुन्या घरात सागवानी तुळया, विटा, चुना आणि दगड. आषाढात दार घट्ट बसतं आणि मार्गशीर्षात सैल होतं, हे चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. भिंतीचंही तसंच. पावसात ती पाणी पिते, उन्हाळ्यात सोडते, आणि तडा वर्षभर मिटतो-उघडतो. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट घ्या. त्याच्या तड्यांवर १९५० च्या दशकापासून मोजणी चालू आहे. पुढे १९८० च्या दशकात दीडशेच्या आसपास उपकरणं बसली. एवढी वर्षं मोजल्यामुळेच तिथल्या लोकांना सांगता येतं की इतकी हालचाल ऋतूची आणि इतकी खरी. आपल्याकडे बहुधा काय होतं? खणायचं ठरतं, निविदा निघते, यंत्रं येतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत खणायला सुरुवात. आधीचा एक पावसाळासुद्धा हाताशी नसतो. मग वाढलेला तडा पाहून एक म्हणतो, 'खणल्यामुळे.' दुसरा म्हणतो, 'पावसामुळे.' दोघांच्याही हातात तोच कागद. वरातीमागून आलेल्या घोड्याला वरात कुठून निघाली ते कसं ठाऊक असणार?

मेट्रो-३ चं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या पायाखालचं आहे. साडेतेहतीस किलोमीटरची मार्गिका, कफ परेडपासून आरेपर्यंत, जवळजवळ सगळी भुयारी. फोर्ट, काळबादेवी, गिरगाव, दादर अशी जुन्या मुंबईच्या पोटातून गेलेली. दादाभाई नौरोजी मार्गावर १८९८ ची जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची वास्तू आहे. तिच्या दुरुस्तीला २०१५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला होता. २०१८ मध्ये तिच्या माथ्यावरचा दगडी तुकडा खाली आला. मेट्रोच्या कामाच्या हादऱ्यांनी, असं एका बाजूचं म्हणणं. आमचा संबंध नाही, असं दुसऱ्या बाजूचं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथलं काम काही काळ थांबलं. हे चांगलंच झालं. दगडाचा एक तुकडा पडला आणि शहराची सर्वांत मोठी यंत्रणा थबकली. आमचा प्रश्न एवढाच, की तिथून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या गॅलरीचा तुकडा पडला असता तर काय थांबलं असतं?

हा भावनेचा प्रश्न नाही. तो आकड्यात लिहून ठेवलेला आहे, आणि हे आज जरा सावकाश सांगायचं आहे. आपल्या देशात सुरुंगांच्या कंपांबद्दल सर्रास आधाराला घेतलं जातं ते खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक. नियम खाणींसाठी आहे, पण त्याची विचार करण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे. कमी वारंवारितेच्या, म्हणजे इमारतीला जास्त बाधणाऱ्या कंपांसाठी मर्यादा अशा: ऐतिहासिक महत्त्वाची आणि नाजूक वास्तू असेल तर सेकंदाला २ मिलिमीटर. राहतं घर असेल, कच्चं किंवा विटा-सिमेंटचं, तर ५. आणि तेच राहतं घर खाणमालकाच्या स्वतःच्या मालकीचं, मर्यादित आयुष्याचं असेल, तर १०.

पुन्हा सांगतो. तीच वीट, तोच कंप. घर दुसऱ्याचं तर पाच, मालकाचं तर दहा. विटेला मालक कोण ते कळत नाही हो! म्हणजे या तक्त्यात विटेची ताकद मोजलेलीच नाही. तक्रार करायला कोण येईल आणि नुकसान कुणाच्या खिशातून जाईल, ते मोजलं आहे. अभियंते यावर म्हणतील की या मर्यादा मुद्दाम कडक ठेवलेल्या असतात, इमारत खरोखर तडकते ती याच्या बऱ्याच वर. मान्य. ते असंही म्हणतील की ऐतिहासिक वास्तू पुन्हा उभी करता येत नाही म्हणून तिला दोन. तेही मान्य. पण मग कबूल करा, की 'दोन' हा आकडा भौतिकशास्त्रातून आलेला नाही, 'परत मिळणार नाही' या मूल्यनिर्णयातून आलेला आहे. आणि एकदा ते कबूल केलं, की चुन्यात बांधलेल्या, सव्वाशे वर्षांच्या, लाकडी तुळयांवर तोललेल्या चाळीला पाचच्या रकान्यात कुणी आणि का टाकलं, हे विचारायचा हक्क आम्हाला मिळतो. तिचं साहित्य दोनच्या रकान्यातलं आहे. आणि आतली माणसं परत मिळणारी आहेत, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यांनी ते लेखी द्यावं.

जाता जाता आणखी एक. याच मेट्रोच्या भुयाराविरुद्ध पारशी समाजातले काही लोक अंजुमन आणि वाडियाजी आतश बेहरामसाठी न्यायालयात गेले होते. त्यांचं म्हणणं निव्वळ भिंतींबद्दल नव्हतं. पवित्र अग्नीचा जमिनीशी असलेला संबंध भुयाराने भंग पावतो, असं ते म्हणत होते. २०१८ च्या अखेरीस ते फेटाळलं गेलं. न्यायालयाचं बरोबर की चूक, यात आम्ही पडत नाही. पण एका बाजूने मिलिमीटर मांडले जात होते आणि दुसरी बाजू ज्या हानीबद्दल बोलत होती तिला एककच नव्हतं. अशा वेळी ज्याच्याकडे एकक असतं त्याचं बोलणं 'वस्तुस्थिती' ठरतं आणि दुसऱ्याचं 'भावना'. हे आम्ही वर्गात अनेक वर्षं सांगत आलो, इथे ते भुयारासकट पाहायला मिळालं.

आता थोडं आमच्या घरचं शास्त्र. न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. सेन्सरचा आकडा यातलं काय? लोकांना वाटतं प्रत्यक्ष, म्हणजे यंत्राने 'पाहिलं'. जाणकार म्हणतात अनुमान: धुरावरून अग्नी, तसं तड्यावरून भिंतीचं दुखणं. पण चाळीत राहणाऱ्याच्या दृष्टीने बघा. त्याने तडा मोजलेला नाही, आणि अनुमानाला लागणारी व्याप्तीही त्याला ठाऊक नाही. त्याला कुणीतरी येऊन सांगतं, 'सर्व मर्यादेत आहे.' हे शब्दप्रमाण आहे! आणि शब्द प्रमाण कधी? तर सांगणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायनाने त्याला दोन अटी घातल्या आहेत: त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक हवी, आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. पहिली अट यंत्राने पुरी होते. दुसरी अट कुठलंही यंत्र पुरी करू शकत नाही.

गिरगावात आमच्या एका स्नेह्यांची चाळ आहे. जवळ एक मोठं काम निघालं, कुठलं आणि कुणाचं ते सांगत नाही. चाळीच्या जिन्याखाली राखाडी रंगाची डबी बसली. ती बसवायला माणसं आली तेव्हा चाळकऱ्यांनी चहा पाजला, कारण बरं वाटलं, कुणीतरी बघतंय. मग दर आठवड्याला एक मुलगा यायचा, लॅपटॉप जोडायचा, जायचा. स्नेह्यांनी एकदा विचारलं, 'बाळा, काय म्हणते आमची भिंत?' तो म्हणाला, 'आजोबा, रीडिंग ऑफिसला जातं. मला दाखवायची परवानगी नाही.' मुलाचा काय दोष? तो अगदी नम्र होता. पण भिंत यांची, तडा यांचा, रात्री त्या भिंतीला टेकून झोपणार हे, आणि आकडा दुसऱ्याचा. ज्याच्या कामामुळे धोका, त्याच्याच पदरी मोजणारा, आणि त्याच्याच टेबलावर अहवाल. दोन वर्षं ती डबी तिथे होती. लोकांनी तिच्यावर चपला ठेवायला सुरुवात केली होती.

यंत्राचं नीट ऐकलं गेलं अशीही उदाहरणं आहेत. पिसाचा मनोरा सावरण्याचं काम चालू असताना, १९९५ च्या सप्टेंबरात, पायथ्याशी जमीन गोठवण्याचा एक प्रयोग सुरू होता. एका रात्रीत मनोरा एरवी वर्षभरात झुकतो तितका झुकला. मोजमापं चालू होती, आणि मोजमापं बघणाऱ्या समितीच्या हातात काम थांबवण्याचा अधिकार होता. काम थांबलं. पुढे वेगळी पद्धत शोधून, उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून, २००१ पर्यंत मनोरा चाळीसहून अधिक सेंटिमीटर मागे आणला.

पण इटलीला कशाला जायचं? कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल पाहिला असेल, चौसष्ट मीटर उंच. तिथे वारा मोजणारं यंत्र आहे. वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्टेशनला कळतं आणि गाडी अडवून धरतात. तिथे समिती बसत नाही, दिल्लीला फोन होत नाही, आणि प्रवाशांना कुणी 'तुम्ही उतरून घरी जा' म्हणत नाही. आकडा आणि कृती यांच्यामध्ये फक्त एक नियम आहे. सेन्सर म्हणजे वास्तविक ही सगळी साखळी. आपण तिच्यातली फक्त डबी विकत घेतो.

आणि आता मूळ दुखण्याकडे येतो. लाल दिवा लागला की हलायचं कुणी? पेटिट इन्स्टिट्यूटबाबतीत उत्तर होतं: खणणाऱ्याने थांबायचं. चाळीच्या बाबतीत उत्तर असतं: राहणाऱ्याने निघायचं. म्हणजे एकच यंत्र वास्तूच्या बाजूने साक्ष देतं आणि चाळीत भाडेकरूच्या विरुद्ध. दर वर्षी पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते. ती यादी लोक कशी वाचतात? दहावीच्या निकालासारखी, आपला नंबर त्यात नसावा म्हणून देव पाण्यात ठेवून. कारण नाव आलं की नोटीस, नोटिशीमागून संक्रमण शिबिर, आणि संक्रमण शिबिरात जन्मलेल्या मुलांची लग्नं तिथेच झालेली आपण पाहिली आहेत. मग माणूस काय करतो? तपासणीच्या आदल्या दिवशी तडा सिमेंटने बुजवतो आणि वर कॅलेंडर टांगतो. याला अडाणीपणा म्हणणारे असोत. आम्ही तसं म्हणणार नाही. ज्या मोजणीचा निकाल तुम्हाला घराबाहेर काढण्यातच होतो, तिच्याशी प्रामाणिक राहणं ही चैन आहे.

आणि माहिती नव्हती म्हणून इमारती पडल्या, असंही नाही. भेंडीबाजारची हुसैनी इमारत २०१७ च्या ऑगस्टअखेर पडली, तीसहून अधिक माणसं गेली. ती धोकादायक असल्याचं आधीच ठरलेलं होतं. डोंगरीची केसरबाई इमारत १६ जुलै २०१९ रोजी पडली, दहाहून अधिक गेले. पालिकेचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र नंतर बाहेर आलं. पडलेला भाग कुणाच्या अखत्यारीतला, यावर मृतदेह निघत असताना म्हाडा आणि पालिका यांच्यात टोलवाटोलवी चालली होती. या दोन्ही ठिकाणी सेन्सर लावून काय अधिक कळलं असतं?

उलट बाजूही आहे. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीसमोरचा हिमालय पूल पडला, सात जणांचा जीव गेला. त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्तीचा शेरा होता. तिथे मोजणीच बेफिकीर होती. तिथे एखादं चांगलं यंत्र आणि ते वाचणारा चांगला माणूस कदाचित उपयोगी पडला असता. म्हणून आम्ही सरसकट बोलत नाही.

एस्प्लनेड मॅन्शनचंही तसंच. पूर्वीचं वॉटसन हॉटेल, ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेतून आणून १८६० च्या दशकात उभं केलेलं. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचं चलच्चित्र मुंबईने तिथे पाहिलं. २०१९ मध्ये आयआयटीच्या अहवालाने सांगितलं, पाडा. वारसा जपणारे तज्ज्ञ म्हणाले, वाचवता येईल. इमारत तीच, तडे तेच, गंज तोच. दोन्हीकडे शिकलेली माणसं. कुणाची आकडेमोड चुकली होती असं नाही. 'वाचवणं' म्हणजे काय आणि त्यासाठी किती खर्च योग्य, यावर मतभेद होता, आणि तो आकड्यांच्या आडून लढला जात होता. बाणगंगेचं तर विचारू नका. २०२४ मध्ये तलावातला गाळ काढायला यांत्रिक खोदयंत्र खाली उतरवलं आणि जुन्या पायऱ्या फोडल्या. त्यासाठी कुठला सेन्सर लागणार होता? काठावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसत होतं.

मग आमचं मागणं काय, असं विचाराल. यंत्रं काढा, असं नाही. यंत्रं जास्त लावा, आणि घारापुरी, सीएसएमटी यांच्या जोडीने ज्या इमारतींना आज टेकू लागले आहेत त्यांना आधी लावा. पण काम निघायच्या आधी निदान एक पावसाळा मोजा. मोजणारा खणणाऱ्याच्या पगारावर नको. मर्यादा ठरवताना भिंत कशाची आहे ते बघा, पाटी कुठली आहे ते नको. आकडा चाळीच्या खाली, पाण्याच्या वेळेची सूचना लावतात त्या फळ्यावर, मराठीत लागू दे: या आठवड्यात इतका, मागच्या पावसाळ्यात इतका, आणि इतका झाला तर अमुक माणूस काम थांबवेल, त्याचा हा फोन. शिवाय रिकामी करायची वेळ आलीच तर परत याच जागी किती चौरस फूट आणि किती महिन्यांत, हे करारावर सहीशिक्क्यानिशी, डबी भिंतीला लागण्याच्या आधी. ही शेवटची गोष्ट सेन्सरच्या तांत्रिक कागदपत्रांत कुठेही नसते. पण आमच्या मते ती त्या यंत्राचाच एक सुटा भाग आहे. ती नसेल तर लोक तड्यावर कॅलेंडर टांगतील आणि तुमचं यंत्र कॅलेंडर मोजत बसेल.

पानवलच्या पुलासारखा नियम गिरगावातल्या चाळीसाठी लिहायचा झाला तर 'थांबवा' म्हणण्याचा अधिकार कुणाला द्यायचा, म्हाडाच्या अभियंत्याला, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसरला की चाळ कमिटीने नेमलेल्या कुणाला, यावर आमचं मत अजून पक्कं झालेलं नाही. तिसऱ्या रांगेत दोन निवृत्त अभियंते बसलेले दिसताहेत, आणि मघापासून एकजण मान हलवून नकार देताहेत. माईक आधी त्यांच्याकडे द्या.